गुडघा, तकदीर आणि आपला वाटा

वाचकहो, श्रोत्यांनी ज्या बयानाचे भरभरून कौतुक केले, त्याच बयानाची दुरुस्ती करण्यासाठी आज लेखणी हाती घ्यावी लागत आहे.

गेल्या पावसाळ्यात परभणीत एका जुमाला मी सब्राविषयी बोललो होतो. हजरत अय्यूब (अलै.) यांचे आजारपण, गेलेली संपत्ती, दुरावलेली माणसे आणि तरीही तक्रारीचा एक शब्द न काढणारी त्यांची जीभ, असे सारे सविस्तर सांगितले. तकदीरवर राजी राहणे हा ईमानचा भाग आहे, हेही सांगितले. लोकांचे डोळे पाणावले. कुणीतरी ते बयान मोबाइलवर मुद्रित करून गावोगावी पाठविले. महिनाभराने मानवत तालुक्यातील एका खेड्यातून एक तरुण मला भेटायला आला. जमात पांगेपर्यंत तो मशिदीच्या पायरीवर बसून राहिला आणि मग म्हणाला, "मौलाना साहेब, तुमचं बयान अम्मीने ऐकलं. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता, काठी घ्यायला सांगितली होती. बयान ऐकल्यापासून तिने दोन्ही सोडलं. म्हणते, दुखणं अल्लाहने दिलंय, तो नेईल तेव्हा नेईल, मौलानांनी सब्र करायला सांगितलंय. आता तिला संडासाला न्यायलाही दोघं लागतात. डॉक्टरचं ती ऐकत नाही. तुमचं ऐकेल."

मी काय उत्तर दिले ते पुढे सांगेन. त्या रात्री मी सूरह सॉद पुन्हा उघडली, आणि जे दिसले त्याने मला शरम वाटली. हजरत अय्यूब (अलै.) यांनी आपल्या पालनकर्त्याला हाक मारली हे तिथे आहेच. त्या हाकेचे उत्तर काय आले? आजार आपोआप उतरून गेला, असे कुरआन सांगत नाही. त्यांना आज्ञा झाली की आपला पाय जमिनीवर मारा. हे पाहा थंड पाणी, आंघोळीसाठी आणि पिण्यासाठी (सूरह सॉद, ३८:४१-४२). झरा अल्लाहचा, पाणी अल्लाहचे, शिफा अल्लाहची. तरीही दीर्घ दुखण्याने खंगलेल्या त्या देहाला पाय हलवायला सांगितले गेले. मी बयानात त्यांच्या शरीरातील किड्यांच्या कथा सांगितल्या होत्या, ज्यांना कुरआनात आधार नाही. आणि पाय मारण्याची आज्ञा, जी कुरआनात आहे, ती गाळली होती. एका माऊलीने माझ्याकडून अर्धी गोष्ट ऐकली आणि त्या अर्ध्या गोष्टीवर पूर्ण अंमल केला.

हे दुखणे आपल्या भागाला नवे नाही. आपल्या काळ्या जमिनीत बायका आयुष्यभर उकिडव्या बसून खुरपतात, वाकून कापूस वेचतात, सोयाबीन सोंगतात, आणि घरी आल्यावर चुलीपुढे पुन्हा मांडी घालून किंवा गुडघे मोडून भाकरी थापतात. पन्नाशीच्या आसपास गुडघा कुरकुरू लागतो. सकाळी उठताना आखडतो, जिना उतरताना कळ मारतो, कधी पाय बाहेरच्या बाजूला वाकू लागतात. पुरुषांनाही हे होते, पण स्त्रियांना अधिक. विशेषतः पाळी गेल्यानंतर. एक वयस्क नमाजी मला सांगत होते की दर फेब्रुवारीत हजरत शाह तुराबुल हक यांच्या उरुसाला ते घरून पायी जात. यंदा रिक्षा केली, आणि रिक्षातून उतरताना कुणी ओळखीचे पाहत तर नाही ना, म्हणून आधी इकडेतिकडे पाहिले. दुखण्यापेक्षा ती नजर मला जास्त लागली.

लोक म्हणतात, "वंगण संपलं", "गॅप पडला", "वाट्या झिजल्या". मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जिथे भेटतात, तिथे दोन्हींच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. तो वयानुसार, वजनानुसार, जुन्या इजांनुसार आणि वर्षानुवर्षांच्या उकिडव्या कामाने विरळ होत जातो. त्याबरोबर सांध्याचे हाड, आवरण आणि स्नायूही बदलतात. हा संधिवाताचा एक प्रकार आहे. झीज भरून निघेल असे औषध आज कोणाकडेही नाही. इथवर ऐकले की माणूस मान हलवतो आणि म्हणतो, मग करायचे काय, नसीब!

पण याच सांध्याविषयी दोन गोष्टी अशा आहेत की त्या ऐकल्यावर 'नसीब' हा शब्द ओठांवर थोडा अडखळावा. पहिली अशी की क्ष-किरणाच्या चित्रातली झीज आणि माणसाला होणारी वेदना यांचा मेळ नेहमी बसत नाही. ज्यांचे चित्र भयंकर दिसते अशी काही माणसे बाजार करून येतात, आणि ज्यांच्या चित्रात फारसे काही नाही अशी काही अंथरूण धरतात. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळते ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव तिच्यात जिरतो सांधा दाबला-सुटला, वाकला-सरळ झाला की. म्हणजे गुडघा ही बैलगाडीची आरी नव्हे, की जितकी फिरवाल तितकी झिजेल. बेताची हालचाल हाच त्याचा घास आहे. मांडीच्या पुढच्या बाजूचे स्नायू बळकट झाले की सांध्यावरचा ताण ते उचलतात आणि वेदना कमी होते. हे वारंवार दिसून आले आहे. वजन एक किलो उतरले तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. त्या माऊलीने व्यायाम सोडून गुडघ्याला विश्रांती दिली, असे तिला वाटत होते. प्रत्यक्षात तिने त्याचे दाणापाणी बंद केले होते.

माणूस आपल्या आरोग्याचा लगाम कुणाच्या हाती आहे असे मानतो, यावर मानसशास्त्रज्ञांनी बराच विचार केला आहे. अमेरिकेत १९७८ मध्ये केनेथ वॉलस्टन आणि बार्बरा वॉलस्टन यांनी त्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. काही जण मानतात की प्रकृती माझ्या वागण्यावर अवलंबून आहे. काही मानतात की ती डॉक्टरासारख्या सामर्थ्यवान माणसाच्या हाती आहे. काही म्हणतात, सारा योगायोग. सांधेदुखीच्या रुग्णांमध्ये साधारणपणे असे दिसते की ज्यांना आपल्या हाती काही आहे असे वाटते ते दुखण्याशी अधिक धडपडीने जुळवून घेतात, आणि ज्यांना सारे योगायोगाचे वाटते ते लवकर हतबल होतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी सांधेदुखीच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केले. आपले दुखणे आपण कसे सांभाळावे, हे तिथे शिकवीत. रुग्णांना आराम पडला. पण तो का पडला हे तपासताना चकित करणारी गोष्ट समोर आली: कुणी किती व्यायाम केला याच्याशी आरामाचा संबंध अपेक्षेपेक्षा क्षीण होता, आपण या दुखण्याचे काहीतरी करू शकतो, हा भरवसा ज्यांच्यात वाढला त्यांच्याशी तो अधिक घट्ट होता.

वाचकहो, इथे एखादा म्हणेल की मग मौलाना आम्हाला अल्लाहवरचा भरवसा सोडून स्वतःवर भरवसा ठेवायला सांगणार. थांबा. वॉलस्टन यांनाही पुढे कळले की या तीन खणांत अल्लाहचे नाव घेणारा माणूस बसत नाही, आणि १९९९ मध्ये त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह ईश्वराच्या नियंत्रणावरील श्रद्धेसाठी वेगळी प्रश्नावली काढली. हे त्यांचे प्रामाणिकपण. तरी माझ्या मते मोमिनाला 'माझ्या हाती की अल्लाहच्या हाती' असे विचारणेच चुकीचे आहे. मदरशात आम्ही 'शरहे अकाइद' शिकलो, तेव्हा 'कस्ब' हा शब्द घोकला होता: कर्म निर्माण करणारा अल्लाह, आणि ते इराद्याने कमावणारा बंदा. परीक्षेत मी त्याची व्याख्या अचूक लिहिली होती. त्या व्याख्येचा गुडघ्याशी काही संबंध असेल, हे मला मानवतच्या त्या तरुणापर्यंत कळले नव्हते. मी पाय उचलतो तेव्हा पाय उचलण्याची शक्ती अल्लाह निर्माण करतो. पण तो उचलण्याचा इरादा माझ्या खात्यावर लिहिला जातो. हे दोन हिस्सेदारांमधले वाटप नाही, की एकाचा वाटा वाढला म्हणजे दुसऱ्याचा घटला.

आणि तकदीरला योगायोग समजणे, ही तर अकीद्याची चूक आहे. योगायोगाला कुणी मालक नसतो, ज्ञान नसते, रहमत नसते. तकदीर म्हणजे सर्वज्ञ आणि दयावंत पालनकर्त्याचा निर्णय. आपल्या बोलण्यात मात्र 'नसीब' हा शब्द असा वापरला जातो की मागे अल्लाह आहे की सट्ट्याचा आकडा, हे ओळखू येऊ नये.

सहीह मुस्लिममधील हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची एक हदीस या सगळ्या गोंधळात मला दिव्यासारखी वाटते. आदरणीय पैगंबर (स.) यांनी बलवान मोमिनाचा गौरव केला, दोघांतही भलाई आहे असे सांगितले, आणि मग शिकवण दिली की जे तुझ्या फायद्याचे आहे त्याची हाव धर, अल्लाहची मदत माग आणि हतबल होऊ नकोस, त्यानंतर काही विपरीत घडलेच तर 'मी असे केले असते तर' असे म्हणत बसू नकोस, अल्लाहने ठरविले तसे झाले असे म्हण. शब्दांचा क्रम पाहा. प्रयत्न, दुआ आणि हतबलतेला मनाई, हे आधी आले. तकदीरचा उच्चार आला तो घडून गेलेल्या गोष्टीसाठी. सूरह अल-हदीदमध्येही (५७:२२-२३) संकट आधीच लिहिलेले असते हे सांगून त्याचा हेतू सांगितला आहे: जे हातचे गेले त्यावर तुम्ही झुरत बसू नये. जी कूर्चा झिजली ती झिजली. तरुणपणी डोक्यावर ओझी वाहिली, उकिडवे बसून तीस वर्षे खुरपले, वेळेवर दाखवले नाही, यावर आता स्वतःला कोसू नका, आणि घरच्यांनीही तिला कोसू नये. तिथे 'अल्लाहची मर्जी' म्हणा आणि मन हलके करा. पण उद्या सकाळी मांडीचा स्नायू बळकट करायचा की नाही, हे अजून घडलेले नाही. तिथे तकदीरचे नाव घेऊन अंथरुणात पडून राहणे म्हणजे पुढच्या पानावर मागच्या पानाचे अक्षर गिरवणे. मराठीत अशा माणसासाठी जुनी म्हण आहे: असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी. ती आपल्या हिंदू बांधवांनी आपल्याच लोकांना चिमटा काढण्यासाठी केली. आपल्यालाही ती तितकीच लागू पडते.

सहाबांच्या मनातही हा प्रश्न आला होता. दम, औषध आणि बचावाची साधने अल्लाहच्या तकदीरला परतवतात काय, असे पैगंबरांना (स.) विचारण्यात आले, तेव्हा त्यांनी सांगितले की ती साधनेही अल्लाहच्या तकदीरपैकीच आहेत (तिर्मिजी). हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर सर्ग येथे पोहोचले असता पुढे प्लेग पसरल्याची बातमी आली. त्यांनी सल्लामसलत करून परतण्याचा निर्णय घेतला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय? हजरत उमर (रजि.) यांनी सांगितले की होय, अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे. आणि दाखला दिला उंट चारणाऱ्याचा: खोऱ्याची एक बाजू हिरवी, दुसरी उजाड, कुठेही चारले तरी ते अल्लाहच्या तकदीरनेच, मग हिरव्या बाजूला का नेऊ नये (बुखारी). मराठवाड्यातल्या माणसाला हा दाखला समजावून सांगण्याची गरज नाही.

आता एक हदीस, जिचा आपल्याकडे उलटा उपयोग होतो. हजरत उसामा बिन शरीक (रजि.) सांगतात की काही खेडूत अरबांनी विचारले, आम्ही औषधोपचार करावा काय? पैगंबरांनी (स.) होकार दिला, अल्लाहच्या दासांनो, उपचार करा असे सांगितले, आणि म्हातारपण सोडून प्रत्येक आजाराला अल्लाहने औषध ठेवल्याचे सांगितले (अबू दाऊद, तिर्मिजी). आपण नेमके 'म्हातारपण सोडून' हे शब्द उचलतो आणि गुडघा म्हाताऱ्याचा म्हणून त्याचे औषध नाही, असा निष्कर्ष काढतो. हदीसची सुरुवात उपचाराच्या आज्ञेने झाली, हे विसरतो. शिवाय गुडघेदुखी म्हणजे म्हातारपण नव्हे. म्हातारपणी ती जास्त होते, इतकेच. पंचेचाळिशीतल्या बाईला आणि सत्तरीतल्या बाबांना एकच उत्तर देऊन घरी पाठविणारे आपण, आपल्या सोयीसाठी हदीस वापरतो.

काही जाणकार वाचक त्या स्त्रीची आठवण करून देतील जिला फेफरे येत असे. पैगंबरांनी (स.) तिच्यापुढे पर्याय ठेवला: सब्र करशील तर जन्नत, नाहीतर मी बरे होण्याची दुआ करतो. तिने सब्र निवडले (बुखारी, मुस्लिम). अगदी खरे आहे, आणि ज्याचे दुखणे साऱ्या प्रयत्नांनंतरही उरते त्याला या हदीसइतका मोठा आधार नाही. पण ती हदीस शेवटपर्यंत वाचावी. सब्र निवडल्यावरही ती म्हणाली की फेफऱ्यात माझे वस्त्र विस्कटते, ते विस्कटू नये एवढी दुआ करा; आणि पैगंबरांनी (स.) ती केली. दुखणे स्वीकारले, दुखण्यातली अप्रतिष्ठा स्वीकारली नाही. आपल्या घरातील वृद्ध आईला संडासाला नेण्यासाठी दोन माणसे लागत असतील, तर बैठकीला भोक असलेली खुर्ची घेऊन येणे, खाट थोडी उंच करणे, भाकरी उभ्याने करता येईल असा ओटा बांधणे, हे मुलांवरचे कर्ज आहे. आईने मागण्याची वाट पाहू नये. ती मागणार नाही.

कोणता उपाय करावा आणि कोणता सोडावा, याचे माप इमाम गजाली (रह.) यांनी 'इह्या'मध्ये नऊशे वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. साधने तीन तऱ्हेची: निश्चित, जसे तहानेला पाणी, संभाव्य, जशी वैद्याची औषधे, आणि भ्रामक, ज्यांच्या गुणाला काही आधार नाही. निश्चित साधन सोडणे हे तवक्कुल नव्हेच. संभाव्य साधन वापरल्याने तवक्कुलला बाधा येत नाही. भ्रामक साधन सोडणे हे मात्र तवक्कुलचे लक्षण. या तिसऱ्या वर्गात त्यांनी डाग देण्याचा उल्लेख केला आहे. आपल्या खेड्यांत आजही गुडघ्यावर डाग देतात, बिब्बा घालतात. कातडी भाजते, चिघळते आणि आतला गुडघा होता तसाच राहतो. बाजारात विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्या तर त्याहून घातक. चार दिवसांत आराम पडतो, कारण कित्येकदा त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते. पुढे साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. वेदनाशामक गोळ्या सल्ल्याविना महिनोन् महिने खाल्ल्याने जठर आणि मूत्रपिंड बिघडते. गंमत अशी की ज्या घरात व्यायामाला 'तवक्कुल'ची अडचण येते, त्या घरात पुडीला ती येत नाही.

काठीची लाज वाटणाऱ्यांनी सूरह ता-हा उघडावी. तुझ्या उजव्या हातात काय आहे, असे अल्लाहने विचारले तेव्हा हजरत मूसा (अलै.) यांनी सर्वप्रथम सांगितले की ही माझी काठी, मी तिच्यावर टेकतो (२०:१८). एवढेच की काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. बहुतेक जण उलटी धरतात. व्यायाम तर घरच्या खुर्चीवर होतो: बसून एक पाय सरळ करावा, पाच मोजेपर्यंत ताठ धरावा, हळूच खाली आणावा, आणि दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा करावे. बाकीचे डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट दाखवतील. आहाराविषयी पैगंबरांनी (स.) सांगून ठेवले आहे की पाठ ताठ ठेवण्यापुरते चार घास माणसाला पुरेत (तिर्मिजी). मात्र वजनावरून कुणाला टोमणा मारू नये. खुरपायला गेलेली बाई शिळी भाकरी खाऊनही जाड असू शकते.

सारे करूनही रात्रीची झोप उडत असेल, पाय वाकले असतील, तर शस्त्रक्रिया आहे. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यावर २००० साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ती झाली, तेव्हा आपल्याकडे अनेकांनी 'वाटी बदलणे' हे शब्द पहिल्यांदा ऐकले. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, त्यामुळे तो पूर्वीइतका महाग राहिला नाही. 'शरीरात धातू असताना नमाज होते का?' असे मला विचारले जाते. होते. तो शरीराच्या आत आहे, वुजू आणि गुस्लला त्याने काही बाधा येत नाही. पण शस्त्रक्रिया करणाऱ्यावर सारा भार टाकून मोकळे होणे, हीदेखील तीच जुनी चूक. नव्या गुडघ्यालाही पहिल्या दिवसांपासून चालावे लागते, वाकवावे लागते. डॉक्टर सांधा बसवून देतो, त्याच्या वतीने चालत नाही.

नमाजविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण खरी घुसमट इथे आहे. हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याध होती; त्यांना पैगंबरांनी (स.) सांगितले की उभ्याने नमाज पढ, ते जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर (बुखारी). स्वतः पैगंबर (स.) घोड्यावरून पडून जखमी झाले तेव्हा त्यांनी बसून नमाज पढली. उतारवयात रात्रीच्या नमाजमध्ये ते बसून कुरआन पठण करीत, तीस-चाळीस आयती उरल्या की उभे राहून त्या पूर्ण करीत आणि मग रुकू करीत, असे हजरत आयशा (रजि.) सांगतात (बुखारी). सृष्टीत ज्यांच्याहून श्रेष्ठ कोणी नाही त्यांचे हे वय, हा देह, ही तडजोड. आपल्या हनफी फिकहनुसार ज्याला थोडेसेच अवघडते त्याने खुर्ची घेऊ नये. पण ज्याला रुकू-सजदा शक्य नाही, किंवा तसे केल्याने दुखणे वाढते, त्याने बसून इशाऱ्याने नमाज अदा करावी, आणि सजद्याचा इशारा रुकूपेक्षा अधिक खाली असावा. जमिनीवर ज्या बैठकीत आराम असेल तसे बसता आले तर ते उत्तम, नाहीतर खुर्ची. सजद्यासाठी समोर उशी किंवा फळी उचलून धरण्याची गरज नाही. कोकणातील शाफई वाचकांकडे उभे राहणे शक्य असेल तोवर कियाम सुटत नाही; त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे.

पुरुष निदान मशिदीत विचारतात. स्त्रिया घरात, दार लावून, दात-ओठ खात सजद्यात जातात, आणि उठताना भिंत धरून रडतात. त्यांना ही सवलत कुणी सांगितलेलीच नसते. वाचकहो, हा अंक घरात वाचून दाखवाल तर एवढा परिच्छेद तरी मोठ्याने वाचा. सवलत ही अल्लाहची देणगी आहे, ती नाकारण्यात परहेजगारी नाही. आणि उलट टोकही सांगतो: ज्याला मंडईत तासभर उभे राहून भाव करता येतो, त्याने मशिदीत शिरताच खुर्ची शोधू नये.

माणसाच्या शरीरात ३६० सांधे आहेत आणि रोज सूर्य उगवताच प्रत्येक सांध्याचा सदका देणे आहे, असे हदीसमध्ये आले आहे. आणि चाश्तच्या दोन रकाती त्या सर्वांची भरपाई करतात, असेही (मुस्लिम). त्यांतल्या दोन सांध्यांची ही गोष्ट. ते अमानत आहेत, म्हणून त्यांचा हिशेब आहे. आणि ज्याने दिले तोच ते परत घेत आहे, म्हणून दुःखालाही सीमा आहे.

त्या तरुणाला मी म्हणालो होतो, "आठ दिवस दे." त्या आठ दिवसांनंतर मी पुन्हा अय्यूब (अलै.) यांच्यावरच बोललो. आधी माझी चूक कबूल केली, मग पाय मारण्याची आज्ञा सांगितली. बयान मुद्रित करून त्याच्याकडे पाठविले आणि त्याखाली लिहिले, अम्मींना सलाम सांगा, आणि ज्या पायाने हजरत अय्यूब यांना हुकूम झाला तो तुमचाही उचलून पाहा. पंधरा-वीस दिवस काही निरोप आला नाही. मग एका संध्याकाळी मगरिबनंतर त्याचा फोन आला. अम्मी खुर्चीवर बसून पाय सरळ करते, तसबीहचे मणी मोजते, संडासाला आता एकच माणूस पुरते. पण तिचा एक प्रश्न आहे, म्हणाला, आणि तो तुम्हालाच विचारायला सांगितलाय: अय्यूब अलैहिस्सलाम यांनी पाय एकदाच मारला, मग मला रोज दहा-दहा वेळा का?

मी म्हणालो, ते पैगंबर होते, मावशी. आपल्याला थोडा सराव लागतो.

अल्लाह त्यांना आणि आपल्या साऱ्या आया-बहिणींना शिफा देवो. आमीन.